जुन्या नाशकातला वाडा आणि त्यातली बिऱ्हाडं : नोंद कशी करावी

वाड्याचा इतिहास लिहायला घेतला की पहिला कागद हाती लागतो तो मालकाचा. दुसराही मालकाचाच. मग मालकाची वंशावळ तयार होते, तिला वाड्याचा इतिहास म्हणतात आणि काम तिथेच थांबतं. जुनी तांबट अळी, सोमवार पेठ, तिवंधा, डिंगर अळी या भागात मात्र एका वाड्यात मालकाचं एक घर आणि भाडेकऱ्यांची पाच-सात बिऱ्हाडं हा सर्रास प्रकार होता. ही माणसं खरेदीखतात सापडत नाहीत. भगूरहून नाशकात आलेल्या सावरकर बंधूंचं बिऱ्हाडही तीळभांडेश्वराच्या बोळातलंच. म्हणून खाली मालकाइतकीच, खरं तर जास्तच, जागा बिऱ्हाडकरूंना दिली आहे.

आधी मोजमाप, मग कचेऱ्या

जुन्या खतांत फूट-मीटर क्वचितच असतात. 'पाच खण दुमजली घर, पुढे ओटा, मागे आड' असं वर्णन आणि चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते, एवढंच असतं. खण म्हणजे दोन खांबांमधलं किंवा दोन तुळयांमधलं अंतर, आणि ते वाड्यागणिक वेगळं. तुमच्याकडे नकाशा नसेल तर खतातले पाच खण नेमके कोणते, हे कधीच ठरत नाही.

लागणारं सामान थोडं आहे: ३० मीटरचा फायबर टेप, ५ मीटरचा स्टीलचा टेप, ओळंबा, टॉर्च, चौकटीची वही, शिसपेन्सिल आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस. लेसर मीटर माजघरात उत्तम चालतो, चौकात दुपारच्या उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती मोजा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सोडले तर कागदावर सगळ्या खोल्या काटकोनात येतात. टेकांवर वसलेल्या जुन्या नाशकात काटकोनातली खोली अपवादानेच भेटते, आणि शेवटची भिंत नकाशात बसेनाशी होते. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा. तळमजल्याची वेगळी, माडीची वेगळी.

मग आतल्या खोल्या आणि भिंतींची बेरीज करून बाहेरच्या मापाशी ताडून पाहा. दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक टेपच्या ढिलाईने पडतो. हातभर फरक आला तर मोजण्यात चूक झाली आहे किंवा आत काहीतरी बुजवलेलं आहे: धान्याचं बळद, भिंतीच्या पोटातला जिना, विटांनी बंद केलेलं दार. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत गेलं की पोकळ जागा आवाजावरून कळते. नकाशा १:१०० ला काढावा, म्हणजे १ सेंटिमीटरला १ मीटर. सिटी सर्व्हेची शीट बहुधा १:५०० ची असते, तिच्याशी बाहेरची रेषा ताडून पाहणं त्यामुळे सोपं जातं.

माडीवर जाण्याआधी तुळयांची टोकं बघा. भिंतीत शिरलेला भाग ओल धरतो आणि सर्वात आधी कुजतो, वरून मात्र लाकूड ठणठणीत दिसतं. पेचकस दाबून बघावा. सेंटिमीटरभर सहज आत गेला तर वर जाऊ नये. धाब्याचं छत असेल तर जास्तच जपावं. गळतीवर उपाय म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकला जातो, जुना कुणी काढत नाही. थर वाढत जातात आणि पावसात भिजून त्यांचं वजन आणखी वाढतं. पालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस लागलेली असेल तर चौकातूनच फोटो काढून परतावं.

इमारतीचं वय

डोळा तयार करायला सराफ बाजारातला सरकारवाडा आधी नीट पाहून घ्यावा. पेशवेकालीन आहे, राज्य संरक्षित आहे. काळ्या दगडाचं जोतं आणि कोरीव लाकडी खांब तिथे एकत्र बघायला मिळतात. आपल्या वाड्यात तोच क्रम खालून वर वाचावा: जोतं, खांबाखालचा दगडी तळखडा, खांब, तुळई, कडीपाट (कड्या आणि त्यांवरच्या फळ्या), त्यावरचं किलचन म्हणजे लाकडाच्या चिपांचा थर, मग माती किंवा कौलं. पाया आणि छप्पर क्वचितच एका काळातले असतात. म्हणून 'वाडा अमुक साली बांधला' असं एकच साल लिहिण्यापेक्षा प्रत्येक थराचं साल वेगळं लिहा.

कौल उलटून पाहा. मंगलोरी कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव, कधी सालही, उठवलेलं असतं. मंगळुरातल्या बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, आणि थळ घाटातून रेल्वेही १८६५ मध्येच सुरू झाली. त्याआधीच्या नाशकात मंगलोरी कौल असणं शक्य नाही. पण उलटा तर्क लावू नये. वादळवाऱ्यात कौलं फुटतात, बदलली जातात. साल छपराचं कळलं, घराचं नाही. लोखंडी गर्डरवरही शिक्का असतो. 'टाटा' असेल तर गर्डर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद त्या साली निघू लागलं.

सर्वात जास्त फसवतं ते लाकूड. सागवान महाग, त्यामुळे पडलेल्या किंवा जळालेल्या वाड्याचे खांब दुसरीकडे सर्रास वापरले जात. ओळखायची खूण अशी: तुळईच्या अंगावर खाच किंवा चौकोनी भोक आहे, पण त्यात काहीच बसलेलं नाही. किंवा खांबावरची नक्षी एका बाजूला अर्ध्यात कापली गेली आहे. असा सुरूदार खांब बघून 'पेशवाईतला वाडा' म्हणणारे बरेच भेटतात. खांब असेल तसा, वाडा कदाचित पन्नास वर्षांपूर्वीचाही असेल.

गिलावा किल्लीने हलकेच खरवडा. पांढरट भुकटी सुटली तर चुना, किल्लीला दाद न देणारा राखाडी थर म्हणजे सिमेंट. मातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढत जाते आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागून गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. ही उंचीही नोंदवा. नदीकाठच्या वाड्यात लोणा आणि पुराची रेघ यांत गल्लत होते. पुराची रेघ सगळ्या खोल्यांत एका पातळीत असते, लोणा वर-खाली होतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन खोल्यांतली पातळी ताडली की वाद मिटतो.

तांबट अळीत तळमजल्याकडे कामाची जागा म्हणून बघावं. तांबटाचं घर आणि कारखाना एकाच छपराखाली असे. भट्टीच्या वरचा कडीपाट काजळीने काळा असतो आणि तो रंग वरच्या रंगाखालूनही डोकावतो. स्वयंपाकघराची काजळी कोपऱ्यात असते, भट्टीची पुढच्या दालनात, रस्त्याच्या बाजूला. भांडी ठोकायचं खोड, म्हणजे लाकडाचा ओंडका, जमिनीत पुरल्याचा खड्डा बहुतेक ठिकाणी फरशीखाली गेला आहे, पण त्या जागची फरशी बऱ्याचदा खचलेली सापडते.

बिऱ्हाडांच्या खुणा

नकाशावर लाल पेन्सिलीने फक्त नंतरचं काम दाखवा: फळ्यांचे किंवा पत्र्याचे पडदे, ओसरी अडवून काढलेली खोली, कोपऱ्यात नंतर केलेली मोरी, जिन्याखालची चूल. मग बिऱ्हाडं मोजायचा साधा नियम वापरा: चूल आणि मोरी दोन्ही जिथे आहेत तिथे एक बिऱ्हाड. नुसता पडदा धरला तर आकडा फुगतो, कारण एकाच कुटुंबात लग्न झालं की पडदा पडतोच. विजेचे मीटर शेवटी मोजा. वाटण्या झालेल्या भावांचेही मीटर वेगळे असतात.

दारांच्या चौकटी जवळून बघा. शिरगणतीवाल्यांनी गेरूने टाकलेले आकडे, पालिकेची घरनंबराची पाटी, मलेरियाच्या फवारणीचा शिक्का, सगळं एकावर एक असतं. यांवरून एका दारामागे एक घर धरलं गेलं होतं की तीन, ते कळतं. तिरप्या उजेडात टॉर्च चौकटीला जवळजवळ चिकटवून धरला की पुसट आकडेही वाचता येतात. समोरून फ्लॅश मारला तर काहीच दिसत नाही.

कागद कुठे मागायचे

नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा (मिळकत पत्रिकेचा) उतारा आणि त्यासोबत चौकशी नोंदवहीचा उतारा घ्या. लोक कार्डावर थांबतात. पण चौकशी नोंदवहीत सिटी सर्व्हे झाला त्या वेळी जागेवर कोण होतं, कुणी हक्क सांगितला आणि कशाच्या आधारे, हे येतं. सर्व्हे नंबर बदललेला नाही ना, हे शीटवर शेजारच्या दोन घरांचे नंबर बघून पडताळा. विभागणी झाली असेल तर एका वाड्याची तीन कार्डं निघतात.

भाडेकऱ्यांसाठी खरा खजिना पालिकेची घरपट्टी आकारणी नोंदवही. तिच्यात मालकाबरोबर भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, रकाना असतो. नाशिक नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका १९८२ ची. जुन्या वह्या मागताना 'नगरपालिका काळातील' असं स्पष्ट लिहा, नाहीतर चालू संगणकीय उतारा हातात पडतो. माहितीच्या अधिकाराखाली अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. घरनंबर, पेठ आणि पाच-दहा वर्षांचा टप्पा लिहा आणि नकलेऐवजी आधी वही पाहू देण्याची मागणी करा. नकला नंतर, हव्या त्याच पानांच्या.

मतदारयाद्यांत घरनंबर असतो, म्हणून त्या लागोपाठच्या निवडणुकांच्या बघाव्या. एखादं आडनाव कधी आलं, कधी गेलं, हे त्यातून उलगडतं. सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजेच 'सावाना', १८४० पासूनचं. तिथे जुनी स्थानिक वर्तमानपत्रं आणि १८८३ चं नाशिक गॅझेटिअर विचारावं. गॅझेटिअरमधून गल्लीचा धंदा कळतो, घराचा नाही.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या गुरुजींच्या, वह्या मात्र उलट्या रचनेच्या असतात. तिथे नाशिकचा पत्ता सांगून काही निघत नाही. आडनाव, जात आणि मूळ गाव सांगावं लागतं. त्यामुळे बिऱ्हाडकरू कुठून आला हे आधी शोधून मगच गुरुजींकडे जावं, दक्षिणा द्यावी, आणि फोटो विचारूनच काढावा. जुनी पानं मोडी लिपीत असतात.

भांड्यांवरची नावं

तांब्यापितळेच्या गावात हा पुरावा सोडणं म्हणजे कपाळकरंटेपणा. माळ्यावरचा हंडा, घंगाळ, बंब, परात खाली काढून काठाखालची ओळ वाचा. ठिपक्यांनी टोचलेलं नाव, गाव, तिथी, शक असतो. चिंच-मीठ लावून घासू नका. ठिपके उथळ असतात, दोनदा घासले की जातात. कोरडं फडकं आणि तिरपा टॉर्च पुरतो. वाचता आलं नाही तर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवा.

ओळीतली 'रा.' आणि 'ह. मु.' ही अक्षरं वेगळी लिहून घ्या. पहिलं मूळ गाव, दुसरं तेव्हाचा मुक्काम, आणि बिऱ्हाडकरूंसाठी दुसरंच कामाचं. लग्नातल्या भांड्यावर नाव माहेरचं असतं, तेव्हा 'यांजकडून भेट' आहे का बघा. मोड म्हणून विकत घेतलेलं जुनं भांडं असेल तर त्यावरच्या नावाचा त्या घराशी संबंध नसतोच. एका भांड्यावरून कुणाला वाड्यात राहायला आणू नये. तेच आडनाव दोन-तीन भांड्यांवर किंवा मतदारयादीत आलं की मान्य करावं.

शकाचं इसवी सन काढताना ७८ मिळवा; १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० चा. तेव्हा फाल्गुन, शके १८५१ होता, म्हणून ७९. पौषात तिथी बघितल्याशिवाय साल ठरवू नये, महिना दोन्ही सालांत पडतो. जुन्या कागदांतल्या फसली सनाला ५९०, सुहूर सनाला ५९९ मिळवा. ही दोन्ही वर्षं मृगाच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांना एक जास्त. सुहूर सन अक्षरांत आणि एककापासून उलटा लिहितात: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, ११६१, अर्थात १७६०-६१.

माणसांना विचारताना

काढलेला नकाशा आजींपुढे ठेवा आणि 'या खोलीत कोण राहायचं?' एवढंच विचारा. 'कोणत्या साली?' विचारलं की माणूस अंदाजाने साल सांगतो आणि मग त्याच सालाला चिकटून बसतो. त्याऐवजी '६९ च्या महापुरात हे लोक इथे होते का? बहात्तरच्या दुष्काळात? ऐंशीच्या सिंहस्थात, की एक्याण्णवच्या?' असं विचारा. दोन खुणांच्या मध्ये बिऱ्हाड पकडता येतं. एकाच खोलीबद्दल दोन वेगवेगळ्या घरांना विचारावं, एकमेकांसमोर नव्हे. भाडं, पागडी, खटला हे विषय तुम्ही काढू नका. मालक-भाडेकरू वाद चालू असेल तर तुमचा नकाशाच उद्या कोर्टात कुणीतरी पुढे करील, म्हणून त्यावर 'मोजणी अभ्यासापुरती, हद्दीचा पुरावा नाही' असं लिहून तारीख टाका.

एखादा थोर माणूस 'आमच्याच वाड्यात' राहिल्याचं हमखास सांगितलं जातं. लिहून घ्यावं, सांगणाऱ्याचं नातं आणि वय शेजारी टिपावं, आणि कागद मिळेपर्यंत त्याची पाटी लावू नये.

शेवटची नोंद खोलीवार करा, घराण्यावार नको. खोलीचा क्रमांक, कुणाचं बिऱ्हाड, कधीपासून कधीपर्यंत, व्यवसाय, पुरावा कोणता. हयात माणसांची नावं त्यांना विचारल्याशिवाय बाहेर देऊ नयेत. एक छापील प्रत वाड्यात राहू द्या, एक वाचनालयात. पेनड्राइव्हवर भरोसा ठेवू नये.