पर्स हरवली? डुप्लिकेटच्या मागं पळण्याआधी या चुका टाळा

आमची मामी निपाणीहून बेळगावला आली, सेंट्रल बस स्टँडवर उतरली, चहा घेतला आणि पैसे द्यायला गेली तर पर्सच नाही. आत रोख दीडशे रुपये, पण आधार, पॅन, मतदान कार्ड, एटीएम कार्ड आणि एका चिठ्ठीवर एटीएमचा पिन. मोबाईल तेवढा हातात होता म्हणून बरं. पहिला फोन तिनं कुणाला केला तर ओळखीच्या एजंटाला, "आधार नवीन किती दिवसात मिळतंय बघ की बाबा." बँकेला फोन चार तासांनी, तोही मी केला.

हीच चूक सगळ्यात जास्त बघितलीय मी. नवीन कार्ड आठ दिवस उशिरा आलं तरी आभाळ कोसळत नाही, पण जुनं दुसऱ्याच्या हातात फिरतंय ते आधी बंद करायला पाहिजे. कार्ड ब्लॉक आधी, डुप्लिकेट नंतर. बाकी ती पिनची चिठ्ठी, काय बोलायचं आता. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सांगतो की आपली काही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि आपण ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर भुर्दंड आपल्यावर नाही, पण पिन आपणच लिहून ठेवला तर ती आपली हयगय, बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते आपलं गेलं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, उद्या बघू म्हणू नका, पैसा एका खात्यातनं दुसऱ्यात जायच्या आत अडवता आला तरच उपयोग.

मोबाईलपण गेला असेल तर आधी सिम बंद करा, कारण सगळे ओटीपी त्यावरच येतात. मग डुप्लिकेट सिम घ्या. इथं लोक घाबरतात, नवीन सिम चालू झालं, फोन लागतोय पण ओटीपी येत नाही, म्हणजे कुणीतरी हॅक केलं. तसं नसतंय, सिम बदलल्यावर पहिले २४ तास मेसेज मुद्दाम बंद ठेवतात. थांबा एक दिवस. हँडसेट ब्लॉक करायचं संचार साथी या सरकारी वेबसाइटवर होतं, त्याला आयएमईआय नंबर (हँडसेटचा स्वतःचा नंबर, बिलावर असतो) आणि पोलिसातल्या तक्रारीची कॉपी लागते, म्हणून बिल टाकून देऊ नका. तिथंच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेपण दिसतं, ओळखीचा नसलेला नंबर दिसला की रिपोर्ट करा.

पोलिसांचं बघा. कर्नाटक पोलिसांचा ई-लॉस्ट रिपोर्ट ऑनलाइन मिळतो, पण तो फक्त हरवल्याची पावती, त्यावर तपास होत नाही. पर्स कापून नेली असेल तर "हरवली" लिहून सोपं करून घेऊ नका, चोरी म्हणूनच तक्रार द्या. आणि आपल्याकडची खरी अडचण, तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते आणि आपली माणसं न वाचता सही ठोकतात. एफआयआर असेल तर ती वाचून दाखवायची आणि एक कॉपी फुकट द्यायची असं कायद्यातच आहे, त्यामुळं लाजायचं काय त्यात, काय काय गेलं त्याची यादी आधी मराठीत आपल्याकडं लिहून न्या आणि वाचताना एकेक ताडून बघा.

मुळात बायका आधार पर्समध्ये घेऊन फिरतात कशाला? शक्ती योजना! जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसमधल्या फुकट प्रवासाला कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं, म्हणून आधार. पण मतदान कार्डपण चालतं की. एकच कार्ड पर्समध्ये, बाकी कपाटात.

आधारचं जास्त नुकसान कार्डानं नाही, अंगठ्यानं होतं. २०२३ मध्ये मंगळूर-बंगळूरकडं जागेची खरेदी रजिस्टर केलेल्या लोकांच्या आधारशी जोडलेल्या खात्यातनं, त्या दस्तावरच्या अंगठ्याच्या ठशांवर पैसे गेले, ना ओटीपी ना पिन. त्यामुळं आधारच्या सरकारी अॅपमध्ये बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा. मग रेशन दुकानात मशीन अंगठा घेत नाही म्हणून मशीनला शिव्या घालू नका, तिथं उभं राहूनच तात्पुरतं अनलॉक होतं. आधार नंबरच आठवत नसेल तर १९४७ ला फोन करा, मराठीत बोलतात.

झेरॉक्स दुकानात आपण काय करतो? पीडीएफ त्याच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि प्रिंट घेऊन निघतो. परवा मी स्क्रीनकडं नीट बघितलं, डाउनलोड फोल्डरमध्ये अख्खी गल्ली, कुणाचं पॅन, कुणाचं पासबुक, कुणाच्या पोरीचं मार्क्स कार्ड. आपल्यासमोर डिलीट करायला लावा. ओळखीसाठी मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि झेरॉक्सवर कशासाठी दिली ते तारखेसकट आडवं लिहा.

आता डुप्लिकेट. पॅन हरवलं म्हणून नवीन पॅनचा अर्ज भरू नका, रीप्रिंट मागा, दोन पॅन सापडले तर १०,००० रुपये दंड आहे. मतदान कार्डाला फॉर्म ६ नव्हे, फॉर्म ८. फॉर्म ६ नवीन नावाचा, आणि सीमाभागात आधीच काहींचं एक नाव इकडं, एक महाराष्ट्रात चंदगडला, त्यात तिसरं घालू नका, दोन ठिकाणी नाव कायद्याला चालत नाही आणि अर्जात खोटं लिहिणं गुन्हा आहे. पदवीचं सर्टिफिकेट २०१० च्या आधीचं असेल तर राणी चन्नम्मा विद्यापीठात हेलपाटे घालू नका, तेव्हा ते नव्हतंच, धारवाडला जावं लागणार.

आणि नाव! दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मार्क्स कार्डावर नुसती इनिशियल. एजंट म्हणतो सरळ करून देतो आणि नवीनच स्पेलिंग घालतो. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदा. आधी सगळे कागद समोर मांडा, कुठलं स्पेलिंग कायम ठेवायचं ते ठरवा, मग अर्ज.

दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा हिशेब, काढा, वर्षातनं एकदा फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज दिसलं तर तिथंच तक्रार टाका, ३० दिवसांत निकाली नाही काढलं तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

मामीची पर्स आठ दिवसांनी डेपोत मिळाली. दीडशे गेले, कागद सगळे जागेवर. जुनं आधार, पॅन चालतं, नंबर तोच असतो, ब्लॉक केलेलं एटीएम मात्र आम्ही कात्रीनं कापलं. पिनची चिठ्ठी मामीनं माझ्यासमोर फाडली, आणि नवीन पिन कुठं लिहू म्हणून पेन मागितला.