आधी नववीचा पट विचारा

मुंबईच्या उपनगरांत किंवा वसई-विरारकडे राहणाऱ्या, दोघांच्या पगारात कसंबसं भागवणाऱ्या घरांसाठी चर्चची अनुदानित शाळा हा अजूनही सगळ्यात समंजस पर्याय आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई या शाळांवर उखडलेली आहे. तसं नाही. धाकटीचा पाचवीचा अर्ज मी अशाच शाळेत भरणार आहे. फक्त या वेळी त्या शाळेने नाव कसं कमावलंय ते तपासून. थोरल्याने नववीत जे भोगलं ते तिच्या वाट्याला नको.

कागदपत्रं, वयाची अट, प्रवेशाच्या दिवसांतली धावपळ तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

पाटीवरच्या नावाचं चटकन उरकू. 'सेंट अमुक' किंवा 'तमुक कॉन्व्हेंट' अशी पाटी कुणीही लावू शकतं आणि लावतात. फीच्या पावतीवर संस्थेचं नाव असतं, ते वाचा. धर्मप्रांताची (म्हणजे बिशपच्या अखत्यारीतली) शाळा आहे, की जेझुइट, सालेशियन, कॅनोशियन, अपोस्टोलिक कार्मेल अशा फादर-सिस्टरांच्या एखाद्या संघाची, की कुण्या बिल्डरच्या ट्रस्टची, ते तिथे कळतं. (वसईचा धर्मप्रांत १९९८ पासून मुंबईहून वेगळा आहे, तेव्हा चौकशीला कुठे जायचं तेही बघा.) उलटी गंमतही आहे. पुण्याची बिशप्स, मुंबईची कॅथेड्रल, बॉम्बे स्कॉटिश या सगळ्या आपण 'मिशनरी' म्हणून एकाच माळेत ओवतो, पण त्या कॅथलिक नाहीतच. अँग्लिकन आणि स्कॉटिश प्रोटेस्टंट परंपरेतल्या आहेत. आणि कॅथलिक म्हणजे इंग्रजी माध्यमच, असंही नाही. वसईत चर्चच्या मराठी शाळा जुन्या आहेत. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या मराठी शाळेतलेच.

जुनेपणाचा मान ठेवा, पण त्याच्यावर प्रवेश घेऊ नका. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ ची, माझगावची सेंट मेरीज १८६४ ची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची, फोर्टमधली सेंट झेवियर्स १८६९ ची. मोठ्या शाळा आहेत, वादच नाही. पण गावसकर झेवियर्समध्ये शिकले म्हणून आपल्या उपनगरातल्या 'झेवियर्स' नावाच्या शाळेत आठवी 'ब' ला गणित कोण शिकवतं, ते कळत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींचाही असाच हिशेब. ते त्यांच्या काळातल्या फादरबद्दल बोलत असतात. ते फादर आता नसतात, आणि मुख्याध्यापकांची बदली हा तर संघांच्या शाळांत नित्याचा भाग.

फी कमी का असते, एवढं मात्र समजून घ्या. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं. म्हणून 'अनुदानित' हा शब्द तुमच्या मुलाच्या तुकडीला लागू आहे का, ते विचारा. शाळेला लागू असून भागत नाही. एकाच फाटकातून आत गेल्यावर अनुदानित तुकड्या वेगळ्या आणि विनाअनुदानित वेगळ्या, असं अनेक ठिकाणी आहे. युनिफॉर्म एकच, फी वेगळी, शिक्षकही बऱ्याचदा वेगळे. सेंट मेरीजच्या आवारात तर एसएससी आणि आयसीएसई अशा दोन शाळा आहेत, तिथे निदान सगळ्यांना ते माहीत असतं. शिवाय संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक, हे सरकार ठरवतं त्यात) पद मंजूर झालं नाही किंवा भरलं गेलं नाही, की शाळा स्वतःच्या खर्चाने शिक्षक ठेवते आणि तो खर्च या ना त्या नावाने पालकांकडे येतो. त्यात गैर काही नाही, पावती मिळत असेल तर. पावतीशिवाय जे मागतात ते डोनेशन. ते १९८७ च्या कायद्याने बंद आहे. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागा इथे शोधत बसू नका; २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा, म्हणजे चर्चच्याही, त्यातून बाहेर आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

फाटकावर फलक असतो: 'एसएससी निकाल १०० टक्के, सलग अमुक वर्षं.' या फलकाचं वजन किती ते आधी बघू. राज्याचाच निकाल २०२३ मध्ये ९३.८३ टक्के, २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के होता. जिथे सगळ्या महाराष्ट्रातली शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव मुलं पास होतात, तिथे शंभर म्हणजे पाच-सहा मुलांचा फरक. त्या पाच-सहा मुलांचं शाळेने काय केलं, हा खरा प्रश्न आहे. त्यांना शिकवून पास केलं, की दहावीपर्यंत येऊच दिलं नाही?

हे कसं होतं ते नीट सांगते, कारण मलाही ते कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षणहक्क कायद्याने आलेल्या पद्धतीमुळे आठवीपर्यंत मुलाला सहसा शाळेतून काढत नाहीत. नापास करण्यावरही बंधन होतं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, पण तिथेही फेरपरीक्षेची संधी आहे. म्हणजे कच्चं मूल सांभाळलं जात आठवी ओलांडतं. नववीला हे कवच संपतं. बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग एकदम अंगावर येतात, आणि दहावीच्या निकालाला धक्का लावू शकणारी मुलं शाळेला नेमकी याच वर्षी दिसतात.

मग पालकांना बोलावणं येतं. आम्हाला आलं तेव्हा मिस फार गोड बोलल्या. मुलगा चांगला आहे, वागणूक उत्तम, पण त्याला दहावीचा ताण झेपणार नाही. नववीत पुन्हा बसवलं तर त्याच्या मनावर परिणाम होईल. त्यापेक्षा तुम्ही दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा, वर्ष वाया जाणार नाही. ऐकायला हे सगळं मुलाच्या भल्याचं वाटतं. ऑफिसात कारकुनाने अर्जाचा मजकूरही सांगितला: 'वैयक्तिक कारणास्तव पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.' खाली सही आपली.

त्या एका ओळीत सगळा डाव आहे. कागदावर शाळेने कुणालाही काढलेलं नसतं. पालकांनी स्वखुशीने मूल नेलेलं असतं. सतरा नंबरने बसणारा विद्यार्थी खाजगी विद्यार्थी, त्याचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरत नाहीत. तो पास झाला काय, नापास झाला काय, फलक शंभरचाच. दाखल्याच्या अर्जावर सही केली की भांडायला हातात काही उरत नाही, कारण भांडण आपल्याच अर्जाशी असतं.

म्हणून पहिला प्रश्न दहावीच्या टक्क्यांचा विचारू नका. विचारा, गेल्या वर्षी नववीचा पट किती होता आणि या वर्षी दहावीला किती बसले? समजा नववीत १८० होती आणि दहावीला १५७ बसली, सगळी पास झाली. फलकावर शंभर. तुमच्या हिशेबात १८० पैकी १५७, म्हणजे ८७. तीन-चार मुलं कमी होणं नेहमीचं आहे. बदल्या होतात, लोक घर बदलतात, भाडेकरू पुढे सरकतात. वीस-पंचवीस मुलं एकाच वर्षी नालासोपाऱ्याहून बदलून जात नाहीत.

शाळेने सांगितलं नाही तरी चालेल. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, आपल्याकडचा २७ ने सुरू होतो. सरकारच्या 'नो युवर स्कूल' पोर्टलवर तो टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड मिळतं, इयत्तावार पटासकट. सलग तीन-चार वर्षांची कार्डं काढा आणि तिरकं वाचा: या वर्षीची आठवी, पुढच्या वर्षीची नववी, त्याच्या पुढची दहावी. नववीचा आकडा आदल्या वर्षीच्या आठवीपेक्षा फुगलेला दिसला तर मुलांना तिथेच पुन्हा बसवतात. मला विचाराल तर ही प्रामाणिक शाळा. निदान मूल आपल्याकडे तर ठेवते. नववीनंतर आकडा दर वर्षी धपकन पडत असेल तर मात्र फलक विसरा.

आणखी एक चाचणी, ही माझी आवडती. शाळेला २०१९ चा निकाल विचारा. त्या वर्षी भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण बंद केले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, २०२० पासून गुण परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. २०१९ मध्ये मुलं न गळता जी शाळा नव्वदीत टिकली तिथे वर्गात खरंच शिकवलं जात होतं. वर्ष जुनं झालंय हे कबूल, पण ते वर्ष जितकं बोलतं तितकी नंतरची सगळी मिळून बोलत नाहीत. २०२१ चा ९९.९५ तर कुणी सांगूच नये, त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. असं करणाऱ्या शाळा आहेत तशा ९४-९५ टक्क्यांवर खूश राहून कच्च्या मुलांना संध्याकाळी थांबवून शिकवणाऱ्या सिस्टरही आहेत. माझ्या मुलाला पुढे दुसऱ्या एका पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) शाळेने नववीत घेतलं. आम्ही हिंदू, चर्चमध्ये ओळख शून्य. तिथल्या फादरनी मार्कलिस्ट बघितली, गणिताच्या वह्या बघितल्या आणि विचारलं, 'सकाळी साडेसहाला येशील का?' तो गेला. त्या शाळेचा त्या वर्षीचा निकाल शंभर नव्हता आणि कुणी फलकही लावला नव्हता.

सल्ला कुणाचा घ्यावा यावर माझी मतं ठाम आहेत, पटली नाहीत तर सोडा. केजीतल्या मुलांच्या आयांना विचारू नका, त्यांना शाळा म्हणजे स्नेहसंमेलन वाटते. क्लासवाल्या सरांना तर मुळीच नको. ज्या शाळेत शिकवत नाहीत ती त्यांच्या धंद्याला बरी. शाळेसमोरचा स्टेशनरीवाला आणि व्हॅनचा ड्रायव्हर यांना कुठल्या वर्गातली किती मुलं मे महिन्यात गायब झाली ते पाठ असतं. दहावीतल्या मुलांच्या पालकांना गाठा, तेही निकालाआधी. निकालानंतर सगळेच उदार होतात. आणि 'फादरशी आपली ओळख आहे, काम करून देतो' म्हणणारा भेटला की पाकीट सांभाळा. प्राधान्य कुणाला ते बहुतेक शाळांत सरळ ठरलेलं असतं: पॅरिशमधली कॅथलिक मुलं, शाळेतल्या मुलांची भावंडं, मग आजूबाजूचे. त्यात मधल्या माणसाला जागा नसते, तो फक्त तुमच्या घाईवर जगतो.

धर्माची काळजी करणाऱ्यांसाठी थोडक्यात: कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला, बसतात तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा तास असतो, आणि राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण देता येत नाही. माझ्या मुलाला येशूच्या गोष्टी आल्या आणि ज्ञानेश्वरांच्या घरी आल्या. काही बिघडलं नाही. शिस्तीचं कौतुकही जरा कमी करा. केसांची लांबी आणि बुटांचं पॉलिश बघणारी शाळा अभ्यासही बघत असेलच असं नाही. काळजी करायचीच तर मराठीची करा. २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे, पण मराठी घरातली मुलं इंग्रजी शाळांत मराठीतच कमी गुण आणतात, आणि त्याचा दोष शाळेवर ढकलताना मला स्वतःलाच लाज वाटते.

ज्यांना बोलावणं आलंय त्यांच्यासाठी. तिथल्या तिथे कशावरही सही करू नका. 'मिस्टरांना विचारून सांगते' हे वाक्य इथे फार कामाचं आहे, मिस्टर असोत नसोत. नववीच्या उत्तरपत्रिका बघायला मागा. फेरपरीक्षा घ्यावी, किंवा याच शाळेत पुन्हा नववीला बसू द्यावं, अशी मागणी लेखी द्या आणि त्यात 'आम्ही दाखला मागितलेला नाही' हे वाक्य स्वतंत्र ओळीवर लिहा. सतरा नंबर म्हणजे आयुष्य संपलं असं मुळीच नाही, त्यातून पास झालेल्या मुलांना अकरावीचे दरवाजे उघडे असतात. फक्त तो निर्णय तुमचा असावा, फलकाचा नसावा. शाळा ऐकत नसेल तर मुंबईत तुमच्या विभागाचे शिक्षण निरीक्षक, आणि वसईकडे पालघर जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी. शाळेत द्यायचा अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कारकून 'मॅडम नाहीत, नंतर या' म्हणेल. तसं झालं तर बाहेर पडून त्याच दिवशी तोच अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे स्पीड पोस्टाने टाका आणि पावती मुलाच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये लावून ठेवा.