लोकलने प्रवास करणाऱ्यांनी दिवसभराचे पाणी कसे प्यावे

मुंबईत पाणी कमी प्यायले जाते ते बहुतेक वेळा विसरल्यामुळे नव्हे, तर जाणूनबुजून. विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर कापणाऱ्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते आणि स्थानकावरचे वापरण्याजोगे असेलच अशी खात्री नसते. त्यामुळे निघताना घोटभर पाणी प्यायचे आणि कार्यालय गाठेपर्यंत तहान मारायची, ही सवय विशेषतः बायकांच्या अंगवळणी पडली आहे. २०११ पासून मुंबईत चाललेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने हीच अडचण चव्हाट्यावर मांडली. स्वच्छ, मोफत स्वच्छतागृहे हा हक्कच आहे. पण ती मिळेपर्यंत शरीराला तहानलेले ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

पाणी कमी पडले की लघवी दाट होते, तिच्यातील कॅल्शियम आणि ऑक्झलेट विरघळलेले राहत नाहीत आणि त्यांचे स्फटिक साठत जाऊन मुतखडा होतो. मूत्रमार्गात शिरलेले जंतू लघवीवाटे धुऊन निघत असतात. ती तासन्‌तास तुंबवली की त्यांना वाढायला अवधी मिळतो. ज्या स्त्रियांना उन्हाळी लागण्याचा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्रास वारंवार होतो, त्यांनी पाणी वाढवल्यास तो कमी होतो, असे संशोधनातही दिसून आले आहे. दुपारची डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि कामात लक्ष न लागणे यांमागेही पुष्कळदा पाण्याचीच कमतरता असते.

प्रौढ स्त्रीला दिवसाला साधारण दोन लिटर आणि पुरुषाला अडीच लिटर द्रव पुरतो. त्यात आमटी, ताक, फळे आणि चहासुद्धा धरावा. मात्र मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम येतच राहतो. म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये हे प्रमाण वाढवावे लागते.

आता वेळापत्रक. उठल्याबरोबर, म्हणजे घर सोडण्याच्या दीड-दोन तास आधी, दोन पेले पाणी सावकाश प्यावे. त्यातील जादा पाणी घरी असतानाच बाहेर पडते आणि निघण्यापूर्वी लघवीला जाऊन आले की प्रवास निर्धास्त होतो. सकाळच्या चहाने लगेच लघवीला लागत असेल, तर तोही याच वेळेत उरकावा. डब्यात बाटली जवळ असू द्यावी आणि घसा कोरडा पडेल तेव्हा एखाद-दुसरा घोट घ्यावा. तेवढ्याने अडचण होत नाही. कार्यालयात पोहोचताच एक पेला, मग दर दीड तासाने एक, असे करत दिवसाचे निम्म्याहून अधिक पाणी दुपारी चारपर्यंत पोटात जावे. परतीच्या गाडीआधीच्या तासात मोठे पेले टाळावेत आणि निघताना पुन्हा स्वच्छतागृहात जाऊन यावे. घरी परतल्यावर ताक किंवा कोकम सरबत उत्तम, मात्र सरबतात साखर बेताची असावी.

पुरेसे पाणी पोटात गेले की नाही, हे लघवीच्या रंगावरून कळते. ती वाळलेल्या गवतासारखी फिकट पिवळी असावी; गडद दिसली तर पाणी वाढवावे. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर ती एरवीही गर्द पिवळी होते, तेव्हा ही खूण ग्राह्य धरू नये. वयस्क माणसांना तहान नीट जाणवत नाही. त्यांना मागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येत असेल, तर ते गाळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे आणि झाकून ठेवावे. पिंपात पेला न बुडवता लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

दिवसभराचे राहिलेले पाणी रात्री एकदम ढोसू नये. थोड्या वेळात फार पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घसरते आणि ते जिवावरही बेतू शकते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांनी ठरवलेलेच प्रमाण पाळावे. जुलाब होत असतील तर नुसते पाणी पुरत नाही. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवावे. ते मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट देत राहावे.