बी.एस्सी. करता करता रिसर्चचा अनुभव कसा मिळवायचा (छोट्या कॉलेजमधल्या पोरापोरींसाठी)

एप्रिल लागला की मेसेज यायला लागतात, "दादा, मे महिन्यात कुठे रिसर्च इंटर्नशिप मिळेल का?" आणि मला दरवेळी वाईट वाटतं, कारण तोपर्यंत बहुतेक चांगल्या ठिकाणची लिस्ट लागून गेलेली असते. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे फॉर्म आधीच्या हिवाळ्यात निघतात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे नेमकं आपण सेमिस्टर एक्झाम आणि जर्नल पूर्ण करण्यात अडकलेलो असतो तेव्हा. म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीत हातावेगळं करा.

पण फॉर्मच्याही आधी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. आधी आपल्या कॉलेजमधल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना गाठा. त्यांची पीएचडी कशावर होती ते विचारा, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं कुणी हा प्रश्न विचारलेलाच नसतो, ते भरभरून बोलतात. मग त्यांना म्हणा, मला एक छोटासा प्रश्न द्या, मी लेक्चरनंतर त्यावर काम करतो. भारी मशीन लागतंच असं नाही. रत्नागिरीकडे असाल तर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर) पावसाळ्यात जी डबकी साचतात त्यातल्या एकाच डबक्याचं तापमान, पीएच आणि त्यात दिसणारे जीव दर आठवड्याला नोंदवा, जून ते ऑक्टोबर. तारीख, वेळ, त्या दिवशी पाऊस होता का, मोजमाप कशाने घेतलं, सगळं एका वहीत पेनाने, आणि चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहायचा. ही वही पुढे मार्कशीटपेक्षा जास्त कामाला येते. याच कामाचं पोस्टर करून आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत उतरा, नंबर नाही आला तरी परीक्षक जे उलटसुलट विचारतात त्यातून कळतं आपल्या कामात कुठे भोक आहे.

आता प्रोग्राम. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप चालवतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, स्टायपेंड आणि ट्रेनचं भाडं. फॉर्ममध्ये तुम्हाला काय करायचंय यावर छोटं लिखाण मागतात आणि सरांचं शिफारसपत्र लागतं. ही फेलोशिप शिक्षकांसाठीही आहे, त्यामुळे तुमच्या सरांनाही सांगा. फर्स्ट किंवा सेकंड इयरला असाल तर मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) बघा, २००४ पासून चालू आहे, सुट्ट्यांमध्ये कॅम्प असतात आणि पुढे आवड दिसली तर प्रोजेक्ट मिळतो, छोट्या गावातल्या मुलांसाठी मला हा सगळ्यात भला वाटतो. मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी म्हणजे व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्राम, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्राम, बंगळुरूला जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेची समर फेलोशिप, हे पण आहेत, पण कोणत्या वर्षाला असलेली मुलं चालतात हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि बदलतं, तेवढं वेबसाइटवर नीट वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

प्रोग्राममध्ये नाही झालं तर थेट मेल करायचा. पुण्यातच आयसर, एनसीएल (रसायनशास्त्र), आघारकर, एनसीसीएस (पेशीविज्ञान) या संशोधन संस्था आहेत, गोव्यात दोनापावलाला समुद्रविज्ञानाची एनआयओ आहे. इथे बहुतेक जण गोंधळ घालतात, "रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी पॅशनेट अबाउट रिसर्च" असा एकच मेल चाळीस जणांना. असा मेल उघडला तरी दोन सेकंदात बंद होतो, कारण त्यात सरांच्या कामाबद्दल काहीच नसतं. त्यापेक्षा पाचच जण निवडा, प्रत्येकाचा एक रिसर्च पेपर (शोधनिबंध) वाचा, सगळा नाही कळला तरी चालेल, आकृत्या आणि त्यांच्या खालचा मजकूर नीट बघा. मग इंग्रजीत, साध्या वाक्यांत, एवढंच लिहा: मी अमुक कॉलेजला एस.वाय. झूलॉजीला आहे, तुमचा सड्यावरच्या डबक्यांचा पेपर वाचला, त्यात तिसऱ्या आकृतीत सप्टेंबरमध्ये संख्या एकदम घटलेली दिसते, मी आमच्या गावच्या डबक्याच्या नोंदी ठेवल्यात त्यात ती ऑगस्टमध्येच घटली, हे पाणी लवकर आटल्यामुळे असेल का, मला मे-जून दोन महिने तुमच्याकडे काम करायला आवडेल, सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो आणि एक पानी सीव्ही जोडलाय. बस. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, तरीही नाही आलं तर पुढच्याकडे वळा, मनाला लावून घेऊ नका, त्यांच्याकडे खरंच जागा नसते बऱ्याचदा.

होकार आला की लगेच विचारा, हॉस्टेल मिळेल का, स्टायपेंड आहे का, कॉलेजचं कोणतं पत्र लागेल. लाजू नका. पुण्यात दोन महिने रूम आणि मेस म्हणजे घरच्यांना मोठा खर्च आहे. आणि जो कुणी "पैसे भरा, इंटर्नशिप सर्टिफिकेट घ्या, सोबत पेपर छापून देतो" म्हणेल त्याच्या वाटेलाही जाऊ नका, मुलाखतीत त्या पेपरवर पहिलाच प्रश्न आला की बोलती बंद होते.

लॅबमध्ये गेल्यावर मोठे सर आठवड्यातून एकदा भेटले तरी खूप, रोज शिकवणारी असते ती तिथली पीएचडीची ताई किंवा दादा. त्यांच्या वेळेची किंमत ठेवा. एकदा सांगितलेलं लिहून घ्या म्हणजे तेच तिसऱ्यांदा विचारायला लागणार नाही, पण कळलं नसेल तर मान डोलवू नका. काही सांडलं, फुटलं, सॅम्पलची अदलाबदल झाली, तर त्याच मिनिटाला सांगा, कारण लपवलेल्या चुकीवर दुसऱ्या कुणाचं तरी महिन्याभराचं काम उभं राहतं. दर शुक्रवारी अर्ध्या पानाचा मेल टाका, काय केलं, काय अडलं, पुढे काय. जर्नल क्लब (सगळे मिळून एखाद्या रिसर्च पेपरवर चर्चा करतात ती बैठक) असेल तर मागे बसून का होईना, पण जा.

निघायच्या आधीच्या आठवड्यात रिपोर्ट, सगळा डेटा आणि फाइल कुठे काय आहे याची एक यादी ताईंच्या हवाली करा, लॅबची वही लॅबमध्येच राहते, स्वतःसाठी कॉपी हवी असेल तर विचारून घ्या. शिफारसपत्र लागणार असेल तर तेव्हाच सरांना सांगून ठेवा, आणि प्रत्यक्ष मागाल तेव्हा डेडलाइनच्या निदान तीन आठवडे आधी, सोबत तुम्ही तिथे काय काम केलं त्याचे चार मुद्दे लिहून पाठवा.