एका मिनिटाची गोष्ट आणि नऊ वेळा वाचन

तिसरीतली एक मुलगी वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातात मोबाइल, मांडीवर कागद. कागदावर तिच्याच अक्षरात सहा वाक्यं, तिच्या हलणाऱ्या दाताची. "माझा पुढचा दात तीन दिवस हलत होता." हे वाक्य तिने रेकॉर्ड केलं, फोन कानाला लावून ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुसून टाकलं. पुन्हा वाचलं, पुन्हा पुसलं. मी लांबून मोजत होते. सहाही वाक्यं तिच्या मनासारखी होईपर्यंत तिची नऊ वाचनं झाली. पाठ्यपुस्तकातला उतारा दुसऱ्यांदा वाच म्हटलं, तर हीच मुलगी म्हणते, "बाई, झालाय की वाचून!"

डिजिटल कथाकथन, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या गोष्टीचा त्याच्याच आवाजातला छोटा व्हिडिओ, वर्गात कशासाठी करायचं, याचं माझं उत्तर त्या नऊ वाचनांत आहे. तयार होणारा व्हिडिओ मुलांना आवडतो, पालकांनाही आवडतो, पण वाचन-लेखन सुधारतं ते व्हिडिओ तयार होण्याच्या आधी. त्यामुळे वेळ कुठे घालवायचा आणि कुठे वाचवायचा, हे शिक्षकाने आधीच ठरवलेलं बरं.

आपल्या आयुष्यातली छोटी गोष्ट आपल्याच आवाजात, चित्रांच्या साथीने सांगायची, ही पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत रुजली. जो लॅम्बर्ट आणि डेना ॲचली यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिच्यासाठी केंद्र सुरू केलं. त्या गोष्टी मोठ्या माणसांच्या होत्या, दोन-तीन मिनिटांच्या. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मी माप बरंच लहान करते: सहा चित्रं, ५० ते ८० शब्द, जास्तीत जास्त एक मिनिट. याहून लांब गोष्ट मूल पुन्हा पुन्हा वाचत नाही, कंटाळतं. आणि पुन्हा वाचणं हाच तर सगळा खटाटोप आहे. एस. जे सॅम्युएल्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये 'पुनर्वाचना'ची पद्धत मांडली, तिच्यातही उतारे लहानच होते, ५० ते २०० शब्दांचे. तोच उतारा सफाईने येईपर्यंत मुलाने वाचायचा, मगच पुढचा घ्यायचा. अक्षरं जुळवण्यात खर्च होणारं लक्ष मोकळं झालं की ते अर्थाकडे वळतं, हे त्यामागचं कारण.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. पहिले दोन-तीन तास मोबाइल कपाटातच राहू द्या.

सुरुवात बोलण्यापासून करा. "गोष्ट सांगा" म्हटलं की मुलं राजा-राणी किंवा कार्टूनमधलं काहीतरी सांगतात, आणि ते उसनं असतं. म्हणून मी प्रश्नच बारीक विचारते: तुझं काही हरवलं होतं का? कधी खूप घाबरलास? पहिल्यांदा एकट्याने काय केलंस? एखादा म्हणतो, "मी पडलो." मग विचारायचं: पडलास तेव्हा कुठे होतास? आधी काय दिसलं? कुणी काय म्हटलं? या प्रश्नांची उत्तरं देतादेताच मुलाच्या तोंडून वाक्यं तयार होतात. शेजारी बसलेल्या मित्राला ती गोष्ट दोनदा सांगायची. दुसऱ्यांदा सांगताना फापटपसारा आपोआप गळून पडतो.

मग एक कोरा कागद. उभा मधोमध एकदा दुमडायचा, आडवा तीन सारख्या भागांत, म्हणजे सहा चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत वर चित्र, खाली एक वाक्य. चित्र आधी. हा क्रम मी कधी बदलत नाही, कारण लिहायला अडणारं मूल चित्र काढताना काय लिहायचं ते ठरवून मोकळं होतं. पहिलीतल्या मुलांना अजून लिहिता येत नसेल, तर मूल जे बोलतं ते आपण लिहावं, आणि शब्दन् शब्द त्याचाच ठेवावा. मुलाने "मला लई भ्या वाटलं" म्हटलं असेल, तर तेच लिहायचं. "मला खूप भीती वाटली" असं लिहिलं, तर कागदावरचं वाक्य त्याचं राहत नाही आणि वाचताना ते अडखळतं. प्रमाणभाषा शिकवायला पुढे भरपूर तास आहेत.

लिहून झालं की मुलांसोबत एक फेरी 'मग' शोधण्याची. लहान मुलांच्या लेखनात प्रत्येक वाक्य 'मग'ने सुरू होतं. मुलांनीच आपल्या कागदावरच्या सगळ्या 'मग'भोवती गोल करायचे. फळ्यावर मी तेवढ्यात, अचानक, थोड्या वेळाने, शेवटी, इतक्यात असे शब्द लिहून ठेवते. एक 'मग' ठेवायचा, बाकीचे बदलायचे. व्याकरणाच्या तासाला न टिकणारी क्रियाविशेषण अव्ययं इथे टिकतात, कारण ती त्यांच्या स्वतःच्या गोष्टीत बसवायची असतात.

आता रेकॉर्डिंग. इथे हात सैल सोडा, दोन तास गेले तरी जाऊ देत.

एकेका चौकटीचं वाक्य वेगळं रेकॉर्ड करायचं. सलग सहा वाक्यं वाचायला लावली, तर पाचव्या वाक्यात चूक झाली की मूल रडकुंडीला येतं. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर लांब. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्यापेक्षा दप्तरांच्या रांगेशेजारचा किंवा पुस्तकांच्या कपाटाजवळचा कोपरा चांगला. बुजरं मूल असेल तर त्याला भिंतीकडे तोंड करून एकटं बसू द्यावं. वर्गात वर्षभर आवाज न फुटलेली मुलं अशी बोलती झालेली मी पाहिली आहेत.

रेकॉर्ड झालं की मूल स्वतः ऐकतं, शक्य असेल तर हेडफोन लावून. पुन्हा कर, असं मी म्हणत नाही. मी फक्त तीन प्रश्न विचारते: सगळे शब्द ऐकू आले का? पूर्णविरामाला थांबलास का? घाबरलास ते आवाजात कळलं का? निर्णय मुलाचा. बहुतेक मुलं दुसऱ्या प्रश्नाला थबकतात. विरामचिन्ह म्हणजे श्वास घ्यायची जागा, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत आले. मुलांना ते पटतं स्वतःचा धापा टाकणारा आवाज ऐकल्यावर.

रेकॉर्ड करताना शेजारी एक जोडीदार हवाच. त्याच्या हातात तो कागद द्यायचा आणि काम एकच: वाचलेलं आणि लिहिलेलं जुळतंय का, ते बोट ठेवून पाहायचं. दाताच्या गोष्टीत त्या मुलीने "मी आरशात बघितलं" असं झकास वाचलं. जोडीदार म्हणाली, "अगं, इथे आशात लिहिलंय." दोघींनी डोकी जुळवून कागद पाहिला. मुलीने तो शब्द हळू म्हटला, आ-र-शा-त, आणि मधला 'र' पेन्सिलीने घुसवला. ही चूक मी लाल पेनाने दाखवली असती, तर तिने वहीत पाच वेळा लिहून काढली असती आणि पुढच्या आठवड्यात तीच केली असती. ऐकलेला आवाज आणि लिहिलेलं अक्षर यांची गाठ तिने स्वतः मारली. गळलेला काना, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, सुटलेला अनुस्वार: सगळ्या चुका काही अशा सापडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ तर कानाला फारसं कळतच नाही. पण गळलेली अक्षरं आणि फुटलेली जोडाक्षरं हमखास सापडतात.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांच्या घरच्या उच्चारावरून कुणाचंही रेकॉर्डिंग बाद करू नका, आणि वर्गाला हसू देऊ नका. मूल घरी जसं बोलतं तो त्याच्या गोष्टीचा आवाज आहे. एकदा का तो चुकीचा ठरला, की ते मूल पुन्हा फोन हातात घेणार नाही.

चित्रांचे फोटो काढणं हे पाच मिनिटांचं काम. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फोन कागदाला समांतर धरून, सावली पडू न देता. इंटरनेटवरून चित्रं शोधायला मी परवानगी देत नाही. सगळा तास शोधण्यात जातो, दुसऱ्याच्या चित्राच्या हक्काचा प्रश्न येतो, आणि दुसऱ्याचा दात आपल्या गोष्टीत कशाला? वाक्यही टाइप करायला लावू नका. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड शब्द स्वतःच सुचवतो, मूल नुसतं निवडतं. त्यापेक्षा त्याच्या हस्ताक्षरातलं वाक्य फोटोतच राहू द्या.

जोडणी कशानेही होते. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडवर एक चित्र आणि त्याचा आवाज घालून शेवटी फाइल व्हिडिओ म्हणून साठवता येते. फोनमधलं साधं व्हिडिओ एडिटर असेल तर तेही पुरे. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये आलेलं स्क्रॅचज्युनिअर हे ॲप मोफत आहे, त्यात पात्रं हलवता येतात आणि मुलाचा आवाजही घालता येतो. पण त्यात मुलं पात्रं पळवण्यात रमतात, म्हणून मी ते दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीच्या वेळी काढते. मागे संगीत नको, त्याखाली बारीक आवाज बुडतात. उडत येणारी अक्षरं, गिरक्या घेणाऱ्या स्लाइड, सगळं बंद. वर्गात एकच फोन असला तरी काम चालतं: चौघांचा गट करा, एक वाचतो, एक कागदावर बोट ठेवतो, एक फोन धरतो, एक बाहेर गडबड करणाऱ्यांना गप्प करतो. भूमिका फिरत्या ठेवा.

आता व्हिडिओ दाखवायचा, पण पहिल्यांदा आवाज बंद करून. पडद्यावर चित्र आणि वाक्य येतं आणि सगळा वर्ग ते मोठ्याने वाचतो. लेखक मूल उभं राहून ऐकत असतं. दुसऱ्यांदा आवाज चालू. आता वर्ग कान टवकारून बसतो, कारण आपण वाचलं तसंच त्याने म्हटलंय का, हे प्रत्येकाला पाहायचं असतं. एका गोष्टीमागे तीस मुलांचं वाचन झालं आणि कुणालाही "वाचा" म्हणावं लागलं नाही.

प्रत्येक मुलाच्या पहिल्या वाक्याचं अगदी पहिलं रेकॉर्डिंग मी पुसू देत नाही. ते आणि शेवटचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं की मोजायला सोपं: मिनिटाला किती शब्द, किती ठिकाणी अडखळलं, किती विराम पाळले. तीन आकडे एका कागदावर. पालकांना भेटीच्या वेळी मी व्हिडिओच्या आधी ही दोन रेकॉर्डिंगं ऐकवते. गुण द्यायचेच असतील तर वाचनाला आणि लेखनाला द्या. व्हिडिओ किती चकचकीत झाला याला देऊ नका, नाहीतर घरी मोठा संगणक असलेलं मूल दरवेळी पहिलं येईल.

व्हिडिओत मुलाचा चेहरा, आडनाव, शाळेचं नाव नको. पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय तो वर्गाबाहेर जाऊ नये, आणि परवानगी असली तरी जगाला दिसेल अशा ठिकाणी मी तो टाकत नाही.

सगळं मिळून सहा-सात तास लागतात. पहिल्या वेळी यातले दोन तास नुसतं "हे बटण कुठलं" यातच जातात, म्हणून महिन्याभरात दुसरी गोष्ट घ्या, फोनची सवय मोडायच्या आत. त्या दाताच्या मुलीने दुसऱ्या गोष्टीला आपणहून सहाऐवजी आठ चौकटी मागितल्या. मी कागदाला आणखी एक पट्टी चिकटवून दिली.