एकट्याने अमेरिका बघायची तर शहरं कशी निवडावीत?

अमेरिकेला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी नावांची यादी करतात. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, ऑरलँडो, लास वेगास, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को. दोन आठवड्यांत सात ठिकाणं. ही यादी गटसहलींची आहे. तिथे बस दारात येते, जेवण ठरलेलं असतं आणि संध्याकाळी गप्पा मारायला शेजारी कुणीतरी असतं. एकट्याने निघणाऱ्या माणसाला ही यादी लावून चालत नाही. त्याने आधी तीन गोष्टी बघाव्यात: गाडी न चालवता शहरात हिंडता येतं का, दिवे लागल्यावर तिथे काय करता येतं, आणि एका माणसाच्या खर्चात ते बसतं का. शहराचं नाव त्यानंतर ठरवावं.

पहिलं काम: गाडीशिवाय फिरता येईल अशी शहरं वेगळी काढा

अमेरिकेतली बरीच मोठी शहरं मोटारीसाठी वसलेली आहेत. ह्यूस्टन, डॅलस, फिनिक्स, अटलांटा इथे हॉटेलातून समोरचं दुकान दिसतं, पण मध्ये सहा पदरी रस्ता असतो आणि फुटपाथ अर्ध्यावर संपतो. लॉस एंजेलिसला मेट्रो आहे, पण समुद्रकिनारा, हॉलिवूड आणि संग्रहालयं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जातो. चौघं असली तर भाड्याच्या गाडीचा आणि पार्किंगचा खर्च वाटून घेता येतो. एकट्यावर तो सगळा पडतो, शिवाय उजव्या बाजूने गाडी चालवताना नकाशा बघायला शेजारी कुणी नसतं. वय २५ च्या आत असेल तर भाड्याच्या गाडीला बहुधा जास्तीचा आकारही पडतो.

उलट न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल या सात शहरांत गाडीची गरज पडत नाही. सातही ठिकाणी विमानतळावरून शहरात यायला आगगाडी किंवा चांगली बस आहे. शिकागोला ओ'हेअर विमानतळातूनच ब्लू लाइन सुटते आणि ती रात्रभर चालते. बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून शहरात येणाऱ्या सिल्व्हर लाइन बसला भाडं नाही. वॉशिंग्टनची मेट्रो २०२२ पासून तिथल्याच डलस विमानतळापर्यंत जाते. न्यूयॉर्कची सबवे २४ तास चालू असते. लांबच्या विमानप्रवासानंतर दोन बॅगा घेऊन एकटे बाहेर पडता तेव्हा या सोयीची किंमत कळते.

पण विमानतळाला आगगाडी आहे एवढ्यावर शहर पसंत करू नका. डॅलसलाही ती आहे. खरी परीक्षा घरबसल्या घेता येते. जे हॉटेल परवडतंय त्याचा पत्ता गुगल मॅप्सवर टाका, प्रवासाची वेळ रविवारी रात्री ९ ची ठेवा आणि शहराच्या मध्यभागातून तिथे बसने किंवा आगगाडीने यायला किती वेळ लागतो ते बघा. अर्ध्या तासात पोहोचत असाल तर ठीक. दीड तास आणि दोन बदल दाखवत असेल तर हॉटेल बदला किंवा शहर. 'वॉक स्कोअर' नावाच्या संकेतस्थळावर कुठल्याही पत्त्याला पायी फिरण्याच्या सोयीप्रमाणे १०० पैकी गुण मिळतात. तेही बघा.

मग महिना आणि उजेड

तापमान सगळेच बघतात. एकट्याने फिरणाऱ्याने सूर्यास्ताची वेळही बघावी. न्यूयॉर्कला जूनच्या शेवटी सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरच्या शेवटी साडेचारला. म्हणजे एकाच शहरात चार तासांचा फरक, आणि अनोळखी रस्त्यांवर एकट्याने बिनधास्त हिंडायचे तास हेच असतात. सिएटलला हा फरक आणखी मोठा आहे. तिथे उन्हाळा कोरडा आणि लख्ख असतो, तर नोव्हेंबरपासून पावसाळी अंधारून आलेले दिवस सुरू होतात.

बॉस्टन ते वॉशिंग्टन पट्ट्याला मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर उत्तम. शिकागोला जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ नका, तिथला बोचरा वारा सोसवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जुलैतही धुकं आणि गारठा असतो, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर जास्त उबदार. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात आणि लोक आपापल्या घरी जेवत असतात. त्या आठवड्यात एकट्याला शहर फार ओकंबोकं वाटतं, शिवाय तिकिटं महाग.

दोन शहरं घ्या, फार तर तीन, आणि ती एकाच रुळावर असू द्या

बारा-चौदा दिवस हातात असतील तर माझं मत ठाम आहे: पहिल्यांदा जाताना ईशान्य किनाऱ्याचा रेल्वेमार्ग सोडून दुसरीकडे बघू नका. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन ही चारही शहरं अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या एकाच मार्गावर आहेत. बॉस्टन ते न्यूयॉर्क साधारण चार तास, न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया दीड तास, तिथून वॉशिंग्टन दोन तासांच्या आसपास. स्टेशनं शहराच्या मध्यावर आहेत, त्यामुळे विमानतळाची रांग, तपासणी आणि टॅक्सी हे सगळं वाचतं. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडतं.

यातली कुठली घ्यायची? अगदी पहिल्यांदाच परदेशी एकटे जात असाल तर सुरुवात वॉशिंग्टनने करा. रस्ते रुंद आहेत, मेट्रो स्वच्छ आणि समजायला सोपी आहे, आणि स्मिथसोनियन या संस्थेची संग्रहालयं व प्राणिसंग्रहालय फुकट आहेत. एकट्याला याचा मोठा फायदा होतो. कंटाळा आला की बाहेर पडता येतं, दुसऱ्या दिवशी परत जाता येतं, तिकीट वसूल करायचं ओझं नसतं. संग्रहालयं संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बंद होतात, पण लिंकन स्मारक आणि आसपासची स्मारकं रात्री उजळलेली आणि खुली असतात. उन्हाळ्यात तिथे उशिरापर्यंत वर्दळ असते.

न्यूयॉर्क नंतर घ्या, आणि त्याला किमान पाच दिवस द्या. तिथे एकटं असणं कुणाच्या लक्षातही येत नाही. हजारो लोक एकटे जेवतात, एकटे नाटक बघतात. टाइम्स स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर त्याच दिवसाच्या ब्रॉडवे प्रयोगांची सवलतीची तिकिटं मिळतात, आणि मधली सुटी खुर्ची एकट्याला पटकन मिळून जाते. स्टेटन आयलंडची फेरीबोट फुकट आहे. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा तिच्यावरून छान दिसतो.

बॉस्टन छोटं आहे. फ्रीडम ट्रेल म्हणून चार किलोमीटरची लाल रेषा फुटपाथवरच आखली आहे, ती धरून चालत राहिलं की जुनं शहर पायाखालून जातं. रस्ता चुकायची भीती असलेल्यांना हे शहर फार धीर देतं.

पश्चिमेला जायचं असेल तर सिएटल आणि पोर्टलंडची जोडी आहे, मध्ये साडेतीन तासांची आगगाडी. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क एकाच छोट्या सहलीत कोंबू नका. दोघांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक आहे, आणि भारतातून आलेल्या शरीराचं घड्याळ आधीच उलटं झालेलं असतं.

यादीत एक ठिकाण फक्त तुमचं असू द्या

गटाबरोबर जाताना जे बघायला मिळत नाही ते एकट्याला बघता येतं. मराठी माणसाला या देशात शोधण्यासारखं बरंच आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, त्यांना मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून पकिप्सीला मेट्रो-नॉर्थची गाडी साधारण दोन तासांत जाते. जाताना डाव्या खिडकीत बसा, जवळजवळ सगळा वेळ हडसन नदी सोबत असते. स्टेशनहून दफनभूमीसाठी टॅक्सी करा. पकिप्सीतच हडसनवरचा जुना रेल्वेपूल आता पायी चालणाऱ्यांसाठी खुला आहे. एका दिवसात दोन्ही होतं. या एका दिवसासाठी मी नायगारा खुशाल सोडेन.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथल्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. आवारात बाहेरच्यांना प्रवेश नेहमीच मिळतो असं नाही, म्हणून निघण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तपासा. शिकागोत, विवेकानंद १८९३ साली जिथे बोलले ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट. तिथून पाच-सात मिनिटं चाललं की मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट' हे आरशासारखं शिल्प आहे.

राहण्याची जागा

अमेरिकेत हॉटेलचं भाडं खोलीचं असतं, माणसांचं नाही. म्हणजे दोघांचं भाडं तुम्ही एकटे भरता. त्यावर मोठ्या शहरांत १५ टक्क्यांच्या पुढेमागे कर लागतो आणि तो बहुधा बुकिंगच्या शेवटच्या पानावर दिसतो. तुलना नेहमी त्या पानावरच्या आकड्याने करा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून यजमान घरात नसताना ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर भाड्याने देण्यावर कडक बंधन आहे, त्यामुळे तिथे स्वस्त घरगुती खोलीवर भिस्त ठेवू नका. नदीपलीकडे जर्सी सिटी बघा. पाथ ही आगगाडी रात्रंदिवस मॅनहॅटनला जाते, आणि जर्नल स्क्वेअर स्टेशनजवळ भारतीय दुकानं आणि खानावळींची सबंध गल्लीच आहे. बॉस्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोत हॉस्टेलिंग इंटरनॅशनलची वसतिगृहं आहेत. तिथे तरुणच नाही, साठीतले लोकही उतरतात.

हॉटेल फारच स्वस्त दिसलं तर गुगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर तो रस्ता उघडून दोन्ही बाजूंना थोडं 'चालून' या. अमेरिकी शहरं दोन गल्ल्यांत बदलतात. सॅन फ्रान्सिस्कोत युनियन स्क्वेअरजवळची कित्येक स्वस्त हॉटेलं प्रत्यक्षात टेंडरलॉइन भागात आहेत, आणि तिथे उघड्यावर चालणाऱ्या अमली पदार्थांच्या व्यवहारामुळे रात्री एकट्याने परतणं नकोसं होतं. एकट्या बाईने तर स्टेशन ते हॉटेलचं दार हे अंतर पायी पाच-सात मिनिटांवर नेऊच नये, त्यासाठी दोन पैसे जास्त मोजावेत.

जेवण

शाकाहारी असाल तर मोठ्या शहरांत उपाशी राहणार नाही, पण विचारायची सवय ठेवा. भाज्यांच्या सूपला कोंबडीचा रस्सा असतो, काही मेक्सिकन ठिकाणी राजम्यासारख्या घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असते. न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्स, शिकागोला डेव्हन अ‍ॅव्हेन्यू हे आपल्या चवीचे रस्ते. न्यूयॉर्कमधल्याच फ्लशिंगच्या गणेश मंदिराच्या तळघरातल्या उपाहारगृहातला डोसा खायला लोक लांबून येतात. एकट्याने टेबल अडवायला संकोच वाटत असेल तर काउंटरवर बसा, तिथे एकटं जेवणं नेहमीचंच असतं. वेटर वाढत असेल तर १८ ते २० टक्के टिप बजेटमध्ये धरा.

नातेवाइकांकडे आलेल्यांसाठी

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-वडिलांची एक अडचण मला फार जवळची वाटते. आठवडाभर घरात, शनिवार-रविवारी मुलं नेतील तिथे. त्यांनी जवळचं एकच शहर निवडून एकट्याने जाऊन यावं. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असाल तर न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी तासाच्या आत न्यूयॉर्कला नेते, आणि जवळच्या मेट्रोपार्क स्टेशनवरून फिलाडेल्फियासाठी अ‍ॅमट्रॅक मिळते. लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा बघून संध्याकाळी घरी. नेपरव्हिलहून शिकागोला मेट्रा ही लोकलगाडी आहे, फ्रीमाँटहून सॅन फ्रान्सिस्कोला बार्ट. पहिल्यांदा मुलांबरोबर त्याच गाडीने एक फेरी करा, दुसऱ्यांदा एकटे जा. डॅलसच्या उपनगरात असाल तर एवढं सोपं नाही. तिथून विमानाने थेट शिकागो किंवा वॉशिंग्टन गाठणं बरं.

बुकिंगचा क्रम

शहरं ठरली की आधी रद्द करता येणारी हॉटेलं घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारा एकही रुपया गुंतवू नका. व्हिसानंतर विमानाचं तिकीट 'मल्टी-सिटी' पर्यायाने काढा: वॉशिंग्टनला उतरायचं आणि बॉस्टन किंवा न्यूयॉर्कहून परत निघायचं. म्हणजे उलटा फेरा पडत नाही. त्यानंतर आगगाडीची तिकिटं. प्रवासाचा आरोग्यविमा याच वेळी घ्या, कारण अमेरिकेतली एका रात्रीची इस्पितळवारी सगळ्या सहलीपेक्षा महाग पडू शकते. हॉटेलांचे पत्ते कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी कुठे राहणार, किती दिवस, हे विचारतो, तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असली तरी उत्तर देता येतं.