कायदा आणि टेक्नॉलॉजीत संशोधन करायचंय, शिकवायचंय? मग सुरुवात अशी करा

लॉ करणारी बरीच मुलं हल्ली विचारतात, मॅडम मला कोर्टात नाही जायचं, मला एआय आणि कायदा यावर रिसर्च करायचाय, शिकवायचंय, काय करू? तर पहिली गोष्ट, हे करिअर खरंच आहे आणि आपल्याकडे यात नीट काम करणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे या म्हणजे या. दुसरी गोष्ट जरा कडक आहे, "एआय आणि कायदा" हा विषय नाहीये. एवढ्यावर पीएचडीचा कुठलाही चांगला गाईड तुम्हाला घेणार नाही आणि घेतलं तरी दोन वर्षांनी तुम्हीच गोंधळून बसाल, कारण रोज नवीन बातमी येणार आणि तुम्ही बातमीच्या मागे पळणार.

विषय कसा सापडतो ते सांगते. एक मशीन घ्या, एक कायदा घ्या, आणि त्या दोघांच्या मध्ये सापडलेली खरी माणसं शोधा. हे तिन्ही एका जागी दिसले की तुमचा प्रश्न तयार.

आता कोल्हापूरचंच बघा. २०११ च्या जानेवारीत तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी सर्क्युलर काढलं की सोनोग्राफी सेंटरवाल्यांनी एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या तपासणीची नोंद, २४ तासांत ऑनलाइन भरायचा आणि मशीनला "सायलेंट ऑब्झर्व्हर" नावाचं यंत्र बसवायचं, म्हणजे मशीनवर जी तपासणी होईल तिच्या इमेजेस त्या यंत्रात साठून राहणार आणि कोणी गुपचूप गर्भलिंग तपासणी केली तर पुरावा मागे उरणार. रेडिओलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली, पेशंटच्या प्रायव्हसीचं काय हा त्यांचा एक मुद्दा होता, आणि ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई हायकोर्टाने सर्क्युलर कायम ठेवलं. आता सहा वर्षं पुढे या. २४ ऑगस्ट २०१७, सुप्रीम कोर्टातली पुट्टस्वामी केस, नऊ न्यायाधीशांचं खंडपीठ, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क. त्या निकालानंतर सरकारला कोणाच्या खाजगी गोष्टीत हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार लागतो, हेतू रास्त लागतो आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात लागतो. मग जिल्हाधिकाऱ्याचं सर्क्युलर हा पुरेसा आधार झाला का? गरोदर बाईच्या तपासणीच्या इमेजेस साठवताना तिला कोणी विचारलं का? आणि दुसऱ्या बाजूने, मुली जन्मालाच येऊ दिल्या जात नाहीत तिथे डॉक्टरने प्रायव्हसीचा मुद्दा पुढे करणं कितपत मानायचं? यात सोपं उत्तर नाही, दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत, आणि म्हणूनच हा पीएचडीचा विषय आहे.

शिवाय या विषयाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. गर्भलिंग तपासणीवर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली, केंद्राचा नंतर १९९४ ला आला. त्याच्या मागे मुंबई-पुण्यातल्या बायकांच्या संघटना, डॉक्टर, वकील सगळे होते. पुढे २००८ मध्ये गर्भलिंग निवडीविरुद्ध काम करणारे डॉ. साबू जॉर्ज गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टवरच्या गर्भलिंग तपासणीच्या जाहिरातींविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, म्हणजे सोनोग्राफीचा प्रश्न सरळ इंटरनेटच्या प्रश्नात जाऊन मिळाला. टेक्नॉलॉजी आणि माणसाचं भविष्य म्हटलं की सगळ्यांना रोबोट आठवतात, पण पुढच्या पिढीत कोण जन्माला येणार हे एक मशीन ठरवायला लागलं होतं आणि ते आपल्या तालुक्याच्या गावांत घडत होतं, याहून मोठा भविष्याचा प्रश्न कुठला? आज सरोगसी आणि आयव्हीएफवरचे २०२१ चे कायदे आहेत, जीन एडिटिंग आहे, रेशन दुकानात अंगठा न जुळणारे मजूर आहेत, ॲपवरून कामावरून काढलेले डिलिव्हरीवाले आहेत, राज्याच्या पोलिसांसाठी २०२४ मध्ये नागपुरात उभी केलेली मार्व्हल ही एआय कंपनी आहे. यातलं एक घ्या. एकच.

आता तयारीचं. बीए एलएलबी किंवा तीन वर्षांचं एलएलबी करत असाल तर कृपा करून कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट्स, घटना, एव्हिडन्स हे पेपर बाजारातली गाईडं वाचून पास होऊ नका. १९९६ मध्ये अमेरिकेत फ्रँक ईस्टरब्रुक नावाच्या न्यायाधीशाने सायबर कायद्याच्या परिषदेतच जाऊन सांगितलं होतं की असा वेगळा विषय कशाला, घोड्यांच्या विक्रीच्या केसेस असतात, घोड्याने लाथ मारल्याच्या केसेस असतात, म्हणून "घोड्यांचा कायदा" असा कोर्स कोणी काढतं का, मूळ कायदा नीट शिकवा. लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं की सॉफ्टवेअरचा कोड स्वतःच माणसाच्या वागण्यावर बंधनं घालतो, काय करता येईल आणि काय नाही हे तोच ठरवतो, त्यामुळे इथे शिकण्यासारखं वेगळं काहीतरी आहे. मला लेसिग यांचं म्हणणं पटतं, पण ईस्टरब्रुक यांचा अर्धा मुद्दा कायम लक्षात ठेवा. पाया कच्चा असलेला माणूस टेक्नॉलॉजीच्या कायद्यावर जे लिहितो ते वर्षभरात शिळं होतं.

निकाल वाचायला शिका, पूर्ण वाचायला, नुसती हेडनोट म्हणजे वर छापलेला सारांश नाही. सुरुवातीला मी नेहमी जालन्याची केस देते, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, सुप्रीम कोर्ट, १४ जुलै २०२०. २०१४ ची विधानसभा निवडणूक, फरक फक्त २९६ मतांचा. हरलेल्या गोरंट्याल यांचं म्हणणं असं की जिंकलेल्या खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर घेतला, आणि पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्याच ऑफिसमधलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. पण त्या सीडीसोबत एव्हिडन्स ॲक्टच्या कलम ६५ बी चं सर्टिफिकेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारा दाखला, नव्हतं, कारण अधिकारी ते द्यायलाच तयार नव्हते, गोरंट्याल मागून मागून थकले. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तरी निवडणूक रद्द केली, आणि सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळताना सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणत नसाल तर सर्टिफिकेट सक्तीचं आहे, पण ज्याने ते मिळवायला सगळे प्रयत्न केले आणि तरी मिळालं नाही त्याला कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही. हा निकाल वाचताना तीन रंगांचे पेन घ्या, एक रंग तथ्यांना, एक कायद्याच्या नियमाला, आणि तिसरा अशा जागांना जिथे कोर्ट टेक्नॉलॉजीबद्दल काहीतरी गृहीत धरतंय. तिसऱ्या रंगात तुमचं संशोधन असतं. सीडी म्हणजे कॉपी आणि कॅमेरा म्हणजे मूळ, हे गृहीतक क्लाउडवरच्या फाईलला कसं लावणार? मूळ कुठे आहे तिचं?

इथून टेक्निकल बाजूकडे या. इंजिनियर व्हायची गरज नाही, पण ज्या मशीनवर लिहिता ते आतून कसं चालतं हे माहीत हवंच. १ जुलै २०२४ पासून एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्याच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटमध्ये आता फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला तिच्या बोटाच्या ठशासारखा कोड, लिहावी लागते. किती जणांनी हॅश स्वतः काढून बघितलाय? घरच्या लॅपटॉपवर एक साधी टेक्स्ट फाईल बनवा, तिचा एसएचए-२५६ हॅश काढा, मग त्यात फक्त एक स्वल्पविराम वाढवा आणि परत काढा, अख्खी ओळ बदललेली दिसेल. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर "पुराव्यात छेडछाड झाली का" हा प्रश्न तुम्ही वेगळ्याच समजुतीने वाचाल. थोडं पायथॉनमधलं प्रोग्रामिंग, थोडी आकडेवारी आलीच पाहिजे. इंजिनियरिंग कॉलेजातला एखादा मित्र धरा, त्याला तुमचं लिखाण वाचायला द्या, चुका तो काढेल.

आता पायऱ्या पटापट. एलएलएम लागतंच, एनएलयूंमध्ये म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ते एक वर्षाचं असतं आणि विद्यापीठांत साधारण दोन वर्षांचं. ५५ टक्के पडलेच पाहिजेत, राखीव प्रवर्गाला ५०, नाहीतर नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेलाच बसता येत नाही. यूजीसी-नेट वर्षातून दोनदा, दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. आपल्याकडे सेट ही राज्याची परीक्षाही आहे, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, पण सेटने असिस्टंट प्रोफेसरची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. फेलोशिप हवी तर नेटमधून जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, आणि त्याला वयाची अट ३० ची आहे, काही जणांना सवलत मिळते. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या ठराविक समाजांसाठी पीएचडी फेलोशिप आहेत, ज्यांना लागू असतील त्यांनी जाहिरातीवर डोळा ठेवून बसा, कागदपत्रं आधीपासून तयार ठेवा, जात पडताळणी ऐनवेळी होत नाही.

जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट पुरेसं आहे, पण संशोधनच करायचं असेल तर पीएचडीला पर्याय नाही. नियमानुसार कमीत कमी तीन वर्षं. आणि पैशाचं स्पष्टच बोलूया कारण कोणी बोलत नाही. पूर्ण पगाराच्या असिस्टंट प्रोफेसरचा सुरुवातीचा बेसिक ५७,७०० आहे, पण तशा जागा कमी निघतात, आपली बरीचशी लॉ कॉलेजं विनाअनुदानित आहेत आणि कित्येक हुशार माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतायत. हे मला फार टोचतं, पण डोळे उघडे ठेवूनच या. म्हणून दुसरी वाटही खुली ठेवा, दिल्लीचं विधी सेंटर, बेंगळुरूचं सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी, एनएलयू दिल्लीचं सेंटर फॉर कम्युनिकेशन गव्हर्नन्स, अशा ठिकाणी कायदा-टेक्नॉलॉजीवर काम झालंय, तिथे रिसर्च असिस्टंट म्हणून काढलेलं एक वर्ष लिहायची शिस्त लावतं. बाहेर जायचं असेल तर नेदरलँड्स, बेल्जियमकडे जरूर बघा, तिकडे पीएचडी म्हणजे बऱ्याचदा पगारी नोकरी असते, टिलबर्ग आणि ल्यूव्हेनला या विषयाचे जुने विभाग आहेत. इंग्लंडला फी भरावी लागते, स्कॉलरशिप हातात आल्याशिवाय कर्ज काढून जाऊ नका.

माहिती कुठून आणायची? निकाल इंडियन कानून या वेबसाइटवर आणि सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआरवर फुकट आहेत, काहींचे मराठी अनुवादही मिळतात. पण खरा माल सरकारी फाईलींमध्ये असतो, त्यासाठी आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्राचा नियम असा की अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. "सायलेंट ऑब्झर्व्हरची सगळी माहिती द्या" असं लिहिलंत तर काहीच येणार नाही. "अमुक जिल्ह्यात अमुक तारखेला किती सोनोग्राफी मशीनला हे यंत्र बसवलेलं होतं, त्या खरेदीच्या आदेशाची प्रत, आणि साठवलेल्या इमेजेस किती काळ ठेवायच्या याचा लेखी आदेश असल्यास त्याची प्रत" असं लिहा. आदेश नसेल तर "उपलब्ध नाही" असं उत्तर येईल, आणि ते उत्तर तुमच्या थिसिसमधलं एक अख्खं प्रकरण असू शकतं.

मग गाईड. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चारच विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे नुसतं नाव बघून रांगेत उभे राहू नका, जागा आहे का ते आधी विचारा. मेल करताना त्यांचा एक पेपर खरंच वाचा आणि त्यातल्या एका मुद्द्यावर तुमचं वेगळं मत असेल तर ते दोन ओळीत लिहा, आदराने पण स्पष्ट. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड" वाले मेल त्यांना रोज येतात. सोबत एका पानाची नोट जोडा, त्यात मशीन कुठलं, कायदा कुठला, माणसं कोण, आतापर्यंत कोर्टाने काय म्हटलं आणि तुम्ही माहिती कुठून आणणार, बस. आरटीआयचं एखादं उत्तर हातात आलेलं असेल तर तेही जोडा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढच्या गाईडला लिहा.